करून पाहू या : खर्रर्र करतंय कोण?

बालमित्रांनो, मागच्या वेळचा काड्यापेटीचा टेलिफोन जमला ना? दोरा सैल सोडला की आवाज पोचत नाही आणि ताणून धरला की पोचतो, हे बऱ्याच जणांनी पत्रातून कळवलं. शाबास! आज आवाजाचीच गोष्ट पुढे नेऊ या. पण ही गोष्ट प्रयोगाच्या वहीतली नाही, आमच्या घरात घडलेली आहे. तिच्यात माझीही एक चूक आहे. ती आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी!

आम्ही राहतो झरी जामणीला. यवतमाळ जिल्ह्याच्या कडेचा हा तालुका. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगण. इकडे कापूस, तूर, सोयाबीनची शेतं आणि मधूनमधून कोलाम लोकांचे पोड. पोड म्हणजे वस्ती. माझ्या वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कोलामी, कुणाच्या घरी गोंडी, तर कुणाच्या घरी तेलुगू. मधल्या सुट्टीत चारही भाषांत भांडणं चालतात आणि पाचव्या मिनिटाला मिटतात!

आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीजवळ दोन छोटे स्पीकर आहेत आणि कोपऱ्यात एक काळा डबा. तो सबवूफर. ढोल, नगारा, तबल्याचा डग्गा असे जाड आवाज काढणं हे त्याचं काम. जाड आवाजाच्या स्पीकरला इंग्रजीत 'वूफर' म्हणतात, कारण मोठं कुत्रं 'वूफ वूफ' करतं. बारीक आवाजाचा तो 'ट्वीटर', कारण चिमणी चिवचिव करते. आहे की नाही गंमत?

ऑगस्ट महिना होता. 15 ऑगस्टच्या नाचाची तयारी आमच्या घरी चालू होती. आठ मुलं, एक गाणं आणि हा डबा. एके दिवशी संध्याकाळी गाण्यात ढोल सुरू झाला आणि आवाज आला, खर्रर्र! पुन्हा ढोल, पुन्हा खर्रर्र! मुलं नाचायची थांबली.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मॅडम, काल यानं त्या डब्याच्या भोकात हात घातला होता!"

सगळ्यांची बोटं एका मुलाकडे वळली. चौथीतला, माझ्याच वर्गातला. त्याचे आईवडील पोडावर असतात, तो शिकायला आमच्या गल्लीत आत्याकडे राहतो. घरी कोलामी बोलतो, त्यामुळे वर्गात मराठी बोलताना जरा थांबत थांबत बोलतो. तो खाली मान घालून उभा राहिला. मी त्याला रागावले नाही. पण "तू हात का घातला होतास रे?" असंही विचारलं नाही. "बरं, जा आता घरी," एवढंच म्हणाले. ही माझी चूक, बरं का.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात त्याचे वडील उभे. पोडावरून चालत आले होते. त्यांनी खिशातून घडी केलेली पाचशेची नोट काढली आणि टेबलावर ठेवली.

"मॅडम, पोट्ट्यानं तुमचा डब्बा बिघडवला म्हणते त्याची आत्या. हे ठेवा. बाकीचे कापूस इकल्यावर देतो."

कापूस विकायला अजून तीन महिने होते. सोयाबीनला तेव्हा फुलंही पुरती आली नव्हती. अशा दिवसांत पाचशे रुपये म्हणजे काय, हे इकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मला एकदम कसंतरीच झालं.

"भाऊ, पैसे उचला आधी," मी म्हणाले. "काय झालं ते आम्ही अजून पाहिलंच नाही. संध्याकाळी तुम्ही पण या. सगळे मिळून पाहू."

त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. कप उचलायला गेले तर नोट कपबशीखाली तशीच!

संध्याकाळी आमची 'तपास समिती' बसली. मुलांना मी म्हटलं, "डॉक्टर आधी काय करतात? औषध देतात की तपासतात?"

"तपासतात!"

"मग आपणही आधी तपासू. कुणावर आळ नंतर."

मित्रांनो, 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाचे डॉक्टर होते. एका रुग्ण बाईच्या छातीची धडधड त्यांना नीट ऐकू येईना. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. आवाज स्पष्ट आला! आजच्या स्टेथोस्कोपचा जन्म त्या कागदाच्या नळीतून झाला. आम्हीही वर्तमानपत्राच्या नळ्या केल्या. एकेका मुलाच्या हातात एकेक नळी. आठ डॉक्टर आणि एक पेशंट!

आता तपासाला गाणं उपयोगाचं नाही. गाण्यात शंभर आवाज एकत्र असतात. मोबाइलवर एकच एक सूर काढणारं अ‍ॅप फुकट मिळतं, ते मी घेतलं. त्यात हर्ट्झचा आकडा सांगायचा असतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती वेळा थरथर. 50 हर्ट्झ म्हणजे सेकंदाला 50 वेळा पुढेमागे. माणसाच्या कानाला साधारण 20 पासून 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. सबवूफरचं राज्य अगदी खालच्या बाजूला असतं, म्हणून मी 40 पासून सुरुवात केली. आवाज अगदी लहान ठेवला. असा एकसारखा सूर मोठ्यानं आणि फार वेळ वाजवला, तर स्पीकरची आतली तार तापून जळू शकते, हे लक्षात ठेवा.

40... नुसतं भुंऽऽ. 50... भुंऽऽ. 60 च्या थोडं पुढे गेले आणि, खर्रर्र! आणखी पुढे 70 ला गेले, तर आवाज गायब! परत मागे आले, तर पुन्हा खर्रर्र!

असं का बरं? झोका आठवा. झोक्याची जायची-यायची एक ठरलेली वेळ असते. त्याच वेळेला ताल धरून हलका धक्का दिला, तरी झोका उंच उंच जातो. वेळ चुकवून जोरात ढकलला, तरी अडखळतो. खोलीतल्या प्रत्येक वस्तूचा असाच एक आवडता ताल असतो. ताट, काच, तसबीर, कपाटाचं दार, सगळ्यांचा. त्यांचा ताल वाजला की त्या आपोआप डोलायला लागतात. याला अनुनाद म्हणतात. 1831 साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटनच्या झुलत्या पुलावरून सैनिक एका तालात पावलं टाकत निघाले होते. पूल त्या तालावर झुलू लागला, त्याचा एक बोल्ट तुटला आणि पूल कोसळला! त्यानंतर पुलावरून जाताना सैनिकांनी पाय जुळवून चालायचं नाही, असा हुकूम निघाला.

म्हणजे आमच्याकडे 60 च्या पुढच्या तालावर डोलणारं कुणीतरी होतं. पण कोण?

सातही मुलं डब्याला नळ्या लावून बसली. "डब्यातच आहे मॅडम!" आठवा मात्र डब्याकडे गेलाच नाही. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि मान हळूहळू फिरवत राहिला. मग थांबत थांबत म्हणाला,

"मॅडम, आवाज डब्यात नाही. तिकडे हाय."

बोट होतं खिडकीकडे! मी खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं. खर्रर्र बंद. बोट उचललं. खर्रर्र सुरू! उन्हाळ्यात आमच्याकडे ऊन भाजून काढतं. त्या उन्हानं काचेभोवतीची पुट्टी सुकून निघाली होती आणि काच चौकटीत सैल झाली होती.

"तुला कसं रे कळलं?" मी विचारलं.

सुट्टीत तो पोडावर बकऱ्या राखतो. झुडपात दिसेनाशी झालेली बकरी तो घुंगराच्या आवाजावरून शोधतो. "डोळे लावले की कान उघडते," तो म्हणाला.

आता यातलं विज्ञान पाहा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो. म्हणून 50 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते, आमच्या खोलीहूनही मोठी! एवढी लांब लाट दोन्ही कानांना जवळपास सारखीच लागते. म्हणून जाड आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही, तो सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो. पण काचेची खरखर बारीक आणि टोकदार असते. ती एका कानाला आधी आणि जास्त, तर दुसऱ्या कानाला नंतर आणि कमी ऐकू येते. त्यावरून दिशा कळते, घुंगराच्या आवाजासारखीच. बाकी सगळे भुंऽऽ कडे कान लावून बसले होते, यानं नेमकी खरखर ऐकली.

सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून आम्ही काचेच्या कडेला खोचले. काच गप्प झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझी लेक तर ओरडलीच, "सापडलं, सापडलं!"

पण आमचे कान-डॉक्टर हसले नाहीत. "अजून हाय मॅडम. थोडं थोडं."

खरंच, नीट ऐकलं तर 45 च्या आसपास हलकीशी खुळखुळ येत होती. मित्रांनो, हे पक्कं लक्षात ठेवा. एक कारण सापडलं म्हणजे तपास संपला असं नाही. दोन दुखणी एकदम असू शकतात. पहिलं सापडल्याच्या आनंदात आपण दुसरं विसरतो.

ही खुळखुळ खोलीतली की डब्यातली? त्याला सोपा उपाय आहे. डबाच खोलीबाहेर न्यायचा! पाऊस थांबला होता. लांब वायर लावून डबा अंगणात ठेवला. तिथे ना खिडकी, ना कपाट, ना तसबीर. तरी खुळखुळ चालूच. म्हणजे या वेळी डबाच दोषी. तोवर मुलाचे वडीलही येऊन ओट्यावर बसले होते. काही बोलत नव्हते, नुसते पाहत होते.

मी मुलांना डब्याची ओळख करून दिली. समोर जो काळा वाटीसारखा पडदा दिसतो, तो पुढेमागे हलून हवा ढकलतो. त्याच्या कडेला रबराची मऊ झालर असते. पडद्यामागे तारेचं वेटोळं आणि त्याच्याभोवती लोहचुंबक. वेटोळ्यातून वीज गेली की चुंबक त्याला कधी पुढे ढकलतो, कधी मागे ओढतो. असा स्पीकर अमेरिकेतल्या राइस आणि केलॉग या दोन इंजिनिअरांनी 1925 साली जगापुढे मांडला. शंभर वर्षं झाली, पण आजही बहुतेक स्पीकर त्याच तऱ्हेचे आहेत. जाड आवाजासाठी पडद्याला खूप हवा ढकलावी लागते, म्हणून तो डोळ्यांना दिसेल इतका हलतो. त्या हादऱ्यानं डब्यातलं जे जे सैल असेल ते वाजतं. 1974 साली 'अर्थक्वेक' नावाचा भूकंपावरचा इंग्रजी चित्रपट आला, तेव्हा थिएटरात मोठमोठे सबवूफर बसवले होते. हॉलिवूडच्या एका जुन्या थिएटरात तर छताचा गिलावा लोकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून जाळी बांधावी लागली होती!

बटण बंद करून प्लग काढला आणि मग डब्याचे स्क्रू पाहिले. चारपैकी एक सैल होता. समोरासमोरचे असे आळीपाळीनं हलकेच आवळले. फार पिळले तर लाकडाच्या भुश्याची फळी फुटते. पुन्हा प्लग लावून सूर वाजवला. खुळखुळ कमी झाली, पण गेली नाही.

पुन्हा प्लग काढला. आता डबा दोघांनी धरून हळूच तिरका केला. आत काहीतरी घरंगळलं. टुक, टुक, टुक! बाजूच्या गोल भोकातून अंगणात पडले चिंचोके. एक नाही, दोन नाही, चांगले सात!

सगळे गप्प. सगळ्यांची नजर पुन्हा त्याच मुलाकडे वळायला लागली. आणि तेवढ्यात माझी लेक रडायला लागली.

"आई, ते माझे आहेत. अष्टाचंग्याचे. कुणी घेऊ नये म्हणून मी त्यात लपवून ठेवले होते. ती माझी बँक होती."

आदल्या दिवशी आठ मुलांत ती पण होती. बोटं दाखवणाऱ्यांत तिचंही बोट होतं, कारण ती घाबरली होती. मी काय बोलणार? बोट दाखवलं नाही तरी गप्प तर मीही बसले होते.

मग मी त्या मुलाजवळ बसले आणि जे आदल्या दिवशीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "तू हात का घातला होतास रे भोकात?"

तो म्हणाला, "वारा येते का पाहत होतो. ढोल वाजला का त्यातून वारा येते."

मुलांनो, मी शिक्षिका! घरात इतकी वर्षं तो डबा आहे, पण त्यातून वारा येतो हे मी कधी हात लावून पाहिलं नव्हतं. त्याचं अगदी बरोबर होतं. पडदा मागे जातो तेव्हा डब्यातली हवा दाबली जाते आणि त्या भोकातल्या नळीतून बाहेर येते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती 'भूं' वाजते ना? तसाच हा डबा नळीतल्या हवेनं जाड आवाजाला जोर देतो. ज्याला आम्ही खोडी समजलो, तो खरं तर प्रयोग होता!

लेकीनं त्याची माफी मागितली. मीही मागितली, सगळ्यांसमोर. तो लाजला आणि सातही चिंचोके गोळा करून त्यानं तिच्या हातावर ठेवले. वडील ओट्यावरून उठले. मी नोट त्यांच्या हातात दिली, तेव्हा इतकंच म्हणाले, "मॅडम, हे नसतं पाहिलं तर म्या त्याले घरी नेलं असतं. शाळा पुरे म्हटलं असतं."

सात चिंचोके आणि एक सैल काच! एवढ्यापायी एका मुलाची शाळा सुटली असती. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

15 ऑगस्टला नाच झकास झाला. आणि आता आमच्या गल्लीत कुणाचाही स्पीकर बिघडला की बोलावणं चौथीतल्या डॉक्टरांना येतं!

तुमच्याही घरचा डबा खरखर करत असेल, तर हे टिपण कापून वहीत चिकटवा.

1. ठराविक ढोलालाच खुळखुळ होते : सैल वस्तू. आधी खोलीतली काच, ताट, तसबीर, शटर एकेक करून हातानं दाबून पाहा. मग डबा दुसऱ्या जागी नेऊन पाहा. जागा बदलल्यावर खुळखुळ गेली, तर दोष बहुधा खोलीचा.

2. लहान आवाजातही घासल्यासारखी खरखर येते : आतलं वेटोळं चुंबकाला घासत असेल. प्लग काढून मोठ्या माणसांनी चारही बोटांनी पडदा अगदी हलका, सरळ आत दाबून पाहावा. घासल्याचं जाणवलं, तर दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

3. फडफड होते : पडद्याची रबरी झालर फाटली किंवा सुटली असेल. उजेडात धरून नीट पाहा.

4. भोकातून फुसफुस येते : नळीतल्या वाऱ्याचा आवाज. जाड आवाजाची कळ थोडी कमी करा.

5. आवाज मोठा केला तरच फाटका येतो : बिचाऱ्याच्या ताकदीबाहेर काम दिलं आहे. आवाज कमी करा. शेजारीही दुवा देतील!

6. गाणं बंद असतानाही एकसारखी घुंऽऽ येते : हा खुळखुळा नव्हे. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा पुढेमागे होते, तिची ती गुणगुण. वायर, पिना आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

आईबाबांसाठी दोन शब्द. डब्याचं मागचं झाकण मुलांना उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते. बाहेरून ऐकणं, दाबणं, पाहणं मात्र मुलांना जरूर करू द्या. आणि घरात काही बिघडलं, तर "कुणी केलं?" हा प्रश्न दुसरा असू द्या. पहिला प्रश्न "काय झालं?" हा. मला तो उशिरा सुचला, तुम्हाला वेळेवर सुचो.

या आठवड्याचा प्रयोग : एका वाटीवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी घट्ट ताणून रबरबँड लावा. वर चिमूटभर मोहरी टाका. वाटी स्पीकरजवळ धरा आणि ढोलाचं गाणं लावा. मोहरी कोणत्या आवाजाला नाचते आणि कोणत्या आवाजाला गप्प बसते? पिशवी सैल केल्यावर काय फरक पडतो? पाहा, लिहा आणि मला कळवा.

आणि हो, डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐका. घरात किती वेगवेगळे आवाज सापडतात ते मोजा. आमच्या चौथीतल्या डॉक्टरांनी तेवीस मोजले. त्यातला एक त्यांनी मला सांगितला, "मॅडम, तुमच्या घड्याळाचा काटा सहावर आला का अडखळते."

खरंच अडखळतो. मी इतकी वर्षं ऐकलाच नव्हता!

तुमची,
मॅडम